कॅन उचलायला आज हिला बोलावलं

मंडळी, फॅक्टरीतून मी केव्हाच रिटायर झालो होतो. आज सकाळी घरातूनही झालो.

आमच्याकडे, चेन्नईजवळच्या आवडीत, प्यायचं पाणी मोठ्या कॅनमधून येतं. तो उचलून स्टँडवर उलटा बसवायचा, हे काम कायम माझं. शेजारच्या एकट्या राहणाऱ्या तमिळ मामीसुद्धा कॅन आला की "सार, कॅन!" म्हणून मलाच हाक मारायच्या.

आमची सुलभा सत्तरीला आली. डॉक्टर म्हणाले म्हणून हल्ली जिममध्ये वजनं उचलते. मी तिला भरपूर हसून घेतलं.

आज मामी दारात आल्या. मी पेपर ठेवून उठलो. त्या माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाल्या, "सुलभा, कॅन!"

ही गेली, कॅन बसवून आली. धाप नाही की काही नाही. वर मलाच म्हणते, "अहो, तुम्ही कशाला उठलात? कंबर धरेल."

खरं सांगतो, असा जळफळाट झाला की चहा गोड लागेना. आता मीही जिम लावणार. पण हिच्या जिममध्ये सगळे मला 'सुलभा मॅडमचे मिस्टर' म्हणणार.

आवडीत दुसरी जिम माहीत आहे का कुणाला? लांब असली तरी चालेल.