मोहाच्या ढिगात हरवलेलं नेट

“काढ! सारे वायर काढ! इज पडून राह्यली!” माय अंगणातून ओरडत होती.

आमच्या धानोऱ्यात ढग नुसता खाकरला तरी विजेच्या धाकानं टीव्ही, फ्रीज, मोडेम, सगळ्यांच्या पिना निघतात. त्या दिवशी मी एक पिन उपटेपर्यंत मायनं सहा उपटल्या, आणि त्याच झपाट्यात अंगणात वाळत घातलेली मोहाची फुलंही ओसरीत गोळा केली. ढीग असा, की त्यात हत्ती लपला असता. आमच्याकडे हत्ती फिरतात, म्हणून सांगतो.

ढग न बरसताच पळाले. पिना पुन्हा लागल्या, दाराजवळच्या मोडेमचे हिरवे दिवे लागले. पण आतल्या खोलीतला कॉम्प्युटर म्हणे, नेट नाही. आणि चार वाजता बहिणीची ऑनलाइन मुलाखत. अहेरीच्या दवाखान्यात नर्सची जागा होती. पावणेचार झाले होते.

“दादा, काऊन नाई चालत?” तिचा आवाज रडवेला.

“थांब. मले समजून घेऊ दे.”

“समजून मंग घेजो! आधी चालू कर!”

पण मला नाद लागला होता. फोनवर त्याच मोडेमचं नेट धो-धो येत होतं. फोनवरच मुलाखत द्यावी, तर त्यांची अट कॉम्प्युटरचीच. म्हणजे भिंतीपर्यंत आलेलं नेट ठणठणीत, ते आत घेणारं दारच बंद! मी नेटवर्क अडॅप्टरांची यादी उघडली. हे अडॅप्टर म्हणजे कॉम्प्युटरची नेट घ्यायची दारं. एक वायरचं, त्यावर लाल फुली. दुसरं वायफायचं, ते यादीतून गायबच. मागे वाकून पाहिलं, तर वायफायचं ते बोटाच्या पेराएवढं यंत्रच जागेवर नव्हतं.

“माय, इथी निळा दिवा लुकलुकत होता, तो कुठी गेला?”

“चमकून राह्यला होता, मंग काढला. हातातच होता.” तिनं ढिगाकडे पाहिलं. “मोह भरताना पडला असन.”

ढीग उपसायचा तर दिवाळी उजाडली असती. पण ती लाल फुली मला खुणावत होती. हे दार शाबूत आहे, फक्त वायर मागतंय! मोडेमसोबत आलेली पिवळी वायर सापडली, पण हातभरच. मग कॉम्प्युटरच उचलला. तो उचलताना घराचा पाया हलला, शेजारी साक्षीला आहेत. ओसरीत मोडेमशेजारी ठेवून वायर खोचली, आणि फुली गेली! मी अशी आरोळी ठोकली की गडचिरोलीची बस थांबली असावी.

चारच्या ठोक्याला बहीण मोहाच्या ढिगाशेजारी पाटावर बसली. आम्हाला तिनं अंगणात हाकललं. अर्ध्या तासानं बाहेर आली.

“घेतलं मले.”

“काय विचारलं?”

“घरी नेट पक्कं आहे का.”

“मंग?”

“आहे म्हटलं.”