डोंगरापाशी थांबलेला रस्ता

कॅरिबियन समुद्रातल्या त्या बेटाला वळसा घालत जाणारा रस्ता फार देखणा आहे. डावीकडे निळंशार पाणी, उजवीकडे केळीच्या बागा. पण ज्वालामुखीचा डोंगर आडवा आला की डांबर संपतं आणि आल्या वाटेनेच परत फिरावं लागतं. बांधकाम खात्यात जन्म काढलेल्या मला ते अर्धवट काम खटकलं.

जाताना मिनीबसच्या ड्रायव्हरने न विचारता माझ्या मांडीवर एक डबा ठेवला होता. शेवटच्या गावातल्या त्याच्या बहिणीसाठी माशाचं कालवण होतं त्यात. तासाभराने आम्ही परत निघालो, तेव्हा ती रस्त्यावर उभीच होती. तिने तोच डबा खिडकीतून माझ्या हातात दिला. आता त्यात भाजलेला नीरफणस होता. डबा रिकामा परत न पाठवणारी माणसं फक्त आमच्याकडेच असतात, असं मला वाटायचं.

"रस्ता पुढे का नेला नाही?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"नेला असता तर मी पलीकडूनच घरी गेलो असतो, मॅडम. मग तिचा डबा कोणी आणला असता?"

डबा चांगलाच गरम होता. पुढची सगळी वळणं मी तो दोन्ही हातांनी धरून बसले.