काकांच्या फरशीखालची शेगडी

आगीला भिणारी माणसं पुष्कळ असतात, पण स्वतःच्या घरातल्या फरशीला भिणारा माणूस अख्ख्या बहरीनमध्ये एकच होता आणि तो माहूज भागात नेमका आमच्या डोक्यावर राहत होता. या वरच्या मजल्यावरच्या काकांच्या फ्लॅटमध्ये आधी राहिलेल्या गोऱ्या साहेबानं हौसेनं फरशीखाली विजेच्या तारा घालून घेतल्या होत्या. बटण दाबलं की जमीन तापायची. जाताना साहेब बजावून गेला, फरशीला चिकटून काही ठेवू नका, उष्णता कोंडते, खालून हवा खेळली पाहिजे. झालं! काका आगीच्या विम्याच्या ऑफिसात, दिवसभर जळक्या घरांचे फोटो बघणारे. त्यांनी बटणावर चिकटपट्ट्या मारल्या आणि तरीही सोफा, कपाट, फ्रिज, सगळं विटांवर चढवलं. काकूंचा देव्हारासुद्धा सुटला नाही. बिचाऱ्या स्टुलावर उभ्या राहून नैवेद्य दाखवत. मी एकदा दारात बॅग टेकवली तर काका ओरडले, "अहो उचला, उचला! खाली तार आहे!"

"पण काका, बटण बंद आहे."

"बंद आहे म्हणूनच माणूस गाफील राहतो."

एका जानेवारीत सलमानिया हॉस्पिटलातून माझी बायको आणि आमची जेमतेम दोन किलोची मुलगी घरी आली. बाहेर बोचरा वारा, सासूबाईंचा व्हिसा अडकलेला, आणि कितीही गुंडाळलं तरी पोरीचे तळवे गारच. माझं धाबं दणाणलं. बघायला आलेल्या काकू म्हणाल्या, "बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी हवी हो." शेगडीचं नाव काढताच काकांचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्यांनी वाकून मुलीकडे पाहिलं.

"दोघींना वर आणा," ते म्हणाले. "आमचा पलंग उंच पायांचा आहे, खालून हवा खेळेल. शेगडी फरशीतच आहे."

त्यांनी एकेक करून चिकटपट्ट्या सोलल्या. बटण दाबून ते पलंगाशेजारी उकिडवे बसले. एका बाजूला वाळूची बादली, एक हात पलंगाखाली फरशीवर. मला त्यांच्याहून जास्त भीती वाटत होती, पण आगीची नव्हे. तासाभरानं त्यांनी तो हात काढून पोरीच्या तळव्याला लावला.

"खलास," ते तिथल्या अरबी सवयीनं पुटपुटले, म्हणजे झालं काम. "ऊब आली पोरीला." आणि डोळे पुसत तिथेच, त्या तापलेल्या फरशीवर, मांडी घालून बसले.

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा मुलगी माहेरी आली, तेव्हा तिच्यासाठी पलंग सरकवताना मी उगाचच खाली हात घालून पाहिला. फरशी थंडगार होती. मला काकांची फार आठवण आली.