दादाने न दिलेलं औषध

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबडच्या शाळेत पाचवीला अपूर्णांक शिकवत होते. हैदराबादच्या त्याच्या प्रयोगशाळेतली एक मुलगी हिंदीतून बोलत होती. सर कामावर आले नाहीत, फोन उचलेनात, म्हणून आम्ही घरी गेलो... झोपेतच हृदय बंद पडलं होतं. दार फोडावं लागलं, कारण आतून उघडायला दुसरं कोणी नव्हतंच. काही आठवडे उलटले, पण अजून डोळे मिटले की मला आधी ते दारच दिसतं.

प्रकाशदादा माझा थोरला भाऊ. बाबा अंकुशनगरला साखर कारखान्यात होते. तिथं उसाचा रस तपासायची खोली होती, तिच्या खिडकीला दादा नाक लावून उभा राहायचा. रसायनाचं वेड तिथंच लागलं असावं. पुढे औरंगाबादला एम.एस्सी., मग पीएच.डी., मग हैदराबाद. कॅन्सरच्या औषधासाठी नवे रेणू घडवायचे, हेच त्याचं आयुष्यभराचं काम झालं. लग्न केलं नाही. सुट्टीत वडीगोद्रीला घरी आला की शेजारचे काका हटकून विचारायचे, "प्रकाश, तुही गोळी कोण्या दुकानात भेटती?" तो हसायचा. "अजून न्हाई काका, बनवून राह्यलो." मला मात्र नीट सांगायचा, "कॅन्सरची पेशी परकी नसते, रमे. आपलीच असती, बिघडलेली. चांगल्या पेशींना धक्का न लावता तेवढीच मारायची, तेच अवघड हाये." त्यासाठी एखाद्या रेणूतला इथला अणू काढ, तिथं दुसरा जोड, असं वर्षानुवर्षं चालायचं. बहुतेक सगळं वाया जायचं.

मग एक रेणू लागू पडला. उंदरांच्या गाठी लहान होत गेल्या. दादाचा आवाज फोनवर इतका मोकळा मी पहिल्यांदाच ऐकला. आणि त्याच वर्षी आईच्या स्वादुपिंडाला कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. दादा आला, तेव्हा बाबा ओट्यावर त्याची वाटच पाहत होते.

"तुह्याजवळ औषध हाये ना?"

"बाबा, ते अजून औषध न्हाई. माणसाला दिलेलंच न्हाई. काय करील, मलाबी माहीत न्हाई."

"ती तसंबी चाललीच हाये. मंग भ्यायचं कशाला? जल्दी घेऊन ये."

"हाल वाढले तर? मी माझ्या हातानं तिला..."

आई आतून ऐकत होती. "नका त्याच्या मागं लागू," एवढंच ती म्हणाली.

ज्वारीच्या काढणीत आई गेली. आईच्या नावाने वंदना घ्यायच्या, पुण्यानुमोदनाच्या दिवशी दादा मांडवात सगळ्यांच्या मागे एकटाच बसला होता. बाबा त्यानंतर त्याच्याशी बोलले नाहीत. तो आला की उठून बाहेर जायचे. हळूहळू त्याचं वडीगोद्रीला येणंच थांबलं. यायचा तो अंबडला, माझ्याकडे, आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत.

असाच एकदा आला. हात-पाय धुऊन स्वयंपाकघरात बसला. म्हणाला, "बंद केलं, रमे. आईच्या वेळचा तो रेणू मोठ्या जनावरांवर तपासला, त्यांचं यकृत खराब झालं. मीच म्हणलं थांबवा."

मी पोळपाट बाजूला सारला. "म्हणजे तू बराबर होता! बाबांना सांग की."

"काय सांगू? मी बराबर निघालो म्हणून? आई तर गेलीच ना." त्याने पोळपाट परत माझ्यापुढे सरकवला. "त्यांना राग धरायला कोणीतरी लागतं. राहू दे माझ्यावर."

मलाही त्याने बोलू दिलं नाही. बाबा तो राग घेऊनच गेले. दादा अंत्यविधीला आला, शेवटपर्यंत थांबला, आणि परत जाऊन त्याने नवा रेणू हाती घेतला. त्याचंही काही झालं नाही. त्याच्या हातची एकही गोळी दुकानात आली नाही.

गेल्या आठवड्यात त्याचं घर रिकामं करायला गेले. घर आवरलेलं होतं, माझ्यासाठी करण्यासारखं फारसं काही ठेवलंच नव्हतं त्याने. दादा कुठलीही वस्तू थेट हुंगत नसे. प्रयोगशाळेची सवय. आईची आमटी असो की माझा चहा, भांडं लांब धरून तळहाताने वाफ हळूच स्वतःकडे ओढायचा, आणि आम्ही सगळे हसायचो. त्याच्या ओट्यावरचा चहाचा डबा उघडला, तर माझाही हात आपसूक तसाच हलला. वेलदोड्याचा वास आला. मी मागे वळून पाहिलं... हसायला कोणीच नव्हतं.