काठावर पास केलेलं इंजिन

‘जरा इंजिन बघायला चला’ असं कोणी म्हटलं की हल्ली मला आधी कंटाळा येतो, मग तो माणूस दिसतो. डोणगावात रस्त्याच्या कडेला माझं डिझेल इंजिन दुरुस्तीचं दुकान आहे. एके काळी हंगामात जेवायला फुरसत नसायची. मग शिवारात वीज आली, विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या आणि इंजिनं गोठ्यामागे गंजत पडली. आता लोक मला बोलावतात ते कोणाचं तरी वापरलेलं इंजिन विकत घेताना. स्थळ बघायला जाताना घरातला एक जाणता माणूस सोबत नेतात ना, तसं. संसार चांगला चालला तर त्यांचं नशीब, बिघडला तर शिव्या मला.

दोन वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीचे यजमान दुकानात आले. ते धरणात मासे धरतात. वयानं माझ्याहून बरेच लहान, पण जावई तो जावई, म्हणून मी त्यांना बापू म्हणतो. मी खुर्ची पुसून दिली. ते बसले, पण उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवला. वल्हं मारून मारून त्यांचा खांदा गेला होता. डॉक्टरांनी वल्हं सोडायला सांगितलं होतं, आणि वल्हं सोडलं तर मासेमारीच सुटत होती. दुसरं काही काम त्यांना येत नव्हतं. म्हणून पलीकडच्या एका धरणावर त्यांनी इंजिन बसवलेली जुनी नाव हेरून ठेवली होती.

“दादा, नावेचं मी पाहून घेतो. इंजिनातलं मले काही समजत नाही. तुम्ही हाव म्हनलं तरच घेतो,” ते म्हणाले.

मी हो म्हणालो, पण मनातून जायला नको होतं. मला पाण्याची भीती वाटते. तरुणपणी एका विहिरीत पंपाच्या नळीच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह काढताना पाय घसरला होता. वरून दोर येईपर्यंत नाकातोंडात जे पाणी गेलं, ते अजून आठवतं. त्यानंतर सगळा जन्म विहिरींच्या काठावर इंजिनं दुरुस्त करण्यात गेला, आणि खाली उतरायची वेळ आली की मी काहीतरी निमित्त काढून दुसऱ्याला उतरवत आलो. कधी कंबर धरायची, कधी चष्मा घरी राहायचा. खरं कारण मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या खोटेपणाचाही एक थकवा असतो.

मोटारसायकलवर मेहकर, सुलतानपूर करत आम्ही गेलो. नाव विकणारा म्हातारा साधा माणूस होता. त्यानं घरी चहाला बोलावलं, मी आधी नावेकडे निघालो. सौदा पाहायला गेलं की आधी चहा प्यायचा नाही, हा माझा नेम. आपण बशीत फुंकर मारत बसतो तेवढ्यात कोणीतरी इंजिन चालवून गरम करून ठेवतं, आणि गरम इंजिन कसलंही असलं तरी सुरू होतंच. मी इंजिनाच्या डोक्यावर, हेडवर, तळहात ठेवला. थंडगार होतं. म्हातारा खरा निघाला.

नाव काठाला बांधलेली होती, निम्मी चिखलात. मी एक पाय चिखलात रोवून, दुसरा फळीवर टेकून काम केलं. ऑइल बोटांवर चोळून पाहिलं. दुधाळ नव्हतं, म्हणजे त्यात पाणी गेलेलं नव्हतं, आणि लोखंडाची कचही लागली नाही. हँडल फिरवलं तर कॉम्प्रेशननं हाताला चांगला जोर दिला. दुसऱ्या झटक्यात इंजिन सुरू झालं. सुरुवातीला काळा धूर आला, मग विरळ झाला. निळा धूर आला असता तर ऑइल जळत होतं, पांढरा राहिला असता तर आणखी काही. तसलं काही नव्हतं. इंजिन थंड करून बाहेर पडणारं पाणी बोटाएवढ्या धारेनं पडत होतं. एव्हाना गावातली चार माणसं भोवती जमली होती.

“पान्यात घेऊन चला ना दोन चकरा,” म्हातारा म्हणाला. “बांधलेल्या नावेत इंजिन काय, चालतेच.”

“काही गरज नाही. इंजिन ते इंजिन. विहिरीवर काय अन् नावेत काय!” मी मोठ्यानं म्हणालो.

बापूंनी माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं. “दादा म्हनतात तं झालं,” ते म्हणाले. मग आम्ही चहा प्यायलो.

विहिरीवरचं कुठलंही इंजिन मी तासभर पाणी उपसल्याशिवाय पास केलं नव्हतं. रिकामं इंजिन कोणाचंही गोड चालतं. ओझं पडलं की त्याचं पोट कळतं. हे मी शिकाऊ पोरांना ओरडून ओरडून सांगत आलो. त्या दिवशी स्वतःच्या बाबतीत मात्र सोयीस्करपणे विसरलो.

नाव घेऊन पंधरवडाही झाला नसेल, बहिणीचा फोन आला. इंजिन धरणाच्या मधोमध उकळून बंद पडलं होतं. वारा सुटला होता. बापू एकटेच, मोडक्या खांद्यानं वल्हं मारत काठाला लागले. “आता हात वर होऊन नाही राह्यला त्याईचा,” ती म्हणाली. मला एक शब्द वावगा बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मी गेलो, हेड खोललं. सिलिंडरभोवती पाणी फिरायच्या जागेत गाळ बसून दगड झाला होता. बोटाएवढ्या धारेवर रिकामं इंजिन भागवून नेतं, नाव ढकलणाऱ्या पंख्याचा जोर पडला की ती पुरत नाही. मी दिवसभर गाळ खरवडला, नवं गॅस्केट घातलं.

“आता पान्यात पाहा लागन,” बापू हळूच म्हणाले. माझ्याकडे न बघता.

मी नावेत बसलो. दोन्ही हातांनी फळी धरली आणि डोळे इंजिनावरच ठेवले. बराच वेळ ते छान चाललं. मग काठ लांब गेला आणि हेडखालून वाफ निघाली. मी वाकून पाहिलं. पहिल्या वेळी उकळलं तेव्हाच ब्लॉकला, इंजिनाच्या मुख्य लोखंडी धडालाच, चीर गेली होती. त्याला आता इलाज नव्हता. मी इंजिन बंद केलं. सगळीकडे पाणी होतं. बापूंनी डाव्या हातानं वल्हं उचललं.

“बापू, मी पान्याले भेतो,” मी म्हणालो. “त्या रोजी म्हनूनच नावेत बसलो नाही.”

“मले ठाऊक होतं. तुमच्या बहिनीनं कवाच सांगितलं होतं, दादा विहिरीत पडले तवापासून पान्यात उतरत नाही म्हनून.”

“मंग तवाच काऊन नाही बोलले?”

“चार लोकं उभे होते तिथं. तुम्ही मेकॅनिक. त्याइच्यासमोर तुमचा भेव कसा उघडा पाडू?”

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. मी सरकत सरकत त्यांच्यापाशी गेलो आणि वल्हं मागून घेतलं. जमेल तसं मारलं. नाव जागच्या जागी गरागरा फिरायला लागली. मी पुन्हा मारलं, ती पुन्हा फिरली.

“राहू द्या, दादा,” बापू म्हणाले. त्यांनी माझ्या हातातून वल्हं काढून घेतलं, उजवा हात डाव्या हातानं उचलून दांड्यावर ठेवला आणि दात आवळून काठाकडे वल्हवायला लागले.