महालक्ष्म्यांचा विशेष भाग

अमरावतीत सत्काराला बोलावलं की निवेदक हमखास एक वाक्य म्हणतो, आपल्या वऱ्हाडच्या लेकीनं टीव्हीवर बायकांना आवाज दिला. खांद्यावर शाल पडते, हातात नारळ येतो आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते. आवाज मी कुणालाही दिलेला नाही. एका बाईचा घेतला आणि त्यावर मोठी झाले.

ती माझी मावशी, आईची मोठी बहीण. अकोल्याबाहेर तिनं पुढं स्वतःच्या हिमतीवर उभा केलेला भाजीचा मळा आहे. तिचा नवरा हात उचलायचा. आमच्याकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात; त्यांच्या जेवणाच्या दिवशी, आंबील पातळ झाली एवढ्यावरून, त्यानं सगळ्या पंगतीसमोर तिच्या थोबाडीत मारली. तिनं उरलेल्या पानांवर वाढलं, हात धुतले आणि ती घर सोडून निघाली. पुढच्या भाद्रपदात बाजारातून दोन मुखवटे आणून तिनं आपल्या भाड्याच्या खोलीत स्वतःच्या महालक्ष्म्या बसवल्या. नवऱ्याला सोडलेल्या बाईनं त्या बसवायच्या नसतात, असं गल्लीचं म्हणणं होतं. तिनं सोळा भाज्या शिजवल्या आणि दार उघडं ठेवलं. त्या वर्षी तीन बायका जेवल्या. मी कॉलेजात जाईपर्यंत तिच्या दारात मांडव घालावा लागत होता.

हे तिनं मला वालाच्या शेंगा सोलता सोलता सांगितलं. तेव्हा मी अमरावतीच्या केबलवर बातम्या लिहायचे. मग मुंबईत दुसऱ्यांच्या मालिकांचे संवाद लिहिले. पहिली काही वर्षं माझं नाव पडद्यावरून इतकं भरभर पळायचं की आईला ते कधी सापडलंच नाही. पुरुष लेखकाचा सीन फसला तर दिवस वाईट होता म्हणायचे, माझा फसला की बायकांना जमत नाही म्हणायचे. हे सगळं गिळून एकदाची माझी स्वतःची मालिका आली. लेखन माझं, निर्मितीतही मी. गोष्ट मावशीची.

परवानगी मागायला मी अकोल्याला गेले होते. ती गवारीच्या जुड्या बांधत होती.

"लिही," ती म्हणाली. "पन मले पाय धरणारी नको दाखवू. मी कोनाचे पाय नाही धरले."

मी शब्द दिला.

ती रोज संध्याकाळी शेजारणींना घेऊन मालिका बघायची आणि भाग संपला की फोन करायची. "वांग्याले असं भर दुपारी पाणी देते काय व कोनी?" मी दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाला सांगून पुढच्या भागांत ते सुधारून घ्यायचे. मला त्या फोनांचा अभिमान होता.

मग भाद्रपद आला आणि चॅनेलला सणाचा विशेष भाग हवा झाला. बैठकीत माझ्याहून लहान अशी एक चुणचुणीत बाई म्हणाली की नायिकेनं सोळा भाज्यांचं ताट घेऊन सासरी जावं, नवऱ्याच्या पाया पडावं, घर पुन्हा जोडलं जावं. प्रेक्षकांना सणाला तुटलेलं घर बघवत नाही. मी भांडले. दोन दिवस भांडले. तिसऱ्या दिवशी तिनं अगदी गोड आवाजात विचारलं, हा भाग दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ का?

इथं मी उठून जायला हवं होतं. मी गेले नाही. सकाळी बसले आणि दुपारच्या जेवणाआधी सीन लिहून मोकळी झाले. निदान वाईट लिहिला असता तर थोडी लाज राहिली असती. मी जीव ओतून लिहिला. ती वाकते तेव्हा ताटातली आंबील हिंदकळते, हेसुद्धा लिहिलं, मावशीच्या आंबिलीतून उचलून. सेटवर लोक रडले. चॅनेलनं केक आणला आणि मी तो खाल्ला.

त्या संध्याकाळी मावशीचा फोन आला नाही. त्यानंतरही आला नाही. मी केला तर ती हं हं म्हणून ठेवून द्यायची. शेवटी आईकडून कळलं. मावशीचा नवरा तेव्हा लकव्यानं अंथरुणाला खिळलेला होता. भाग लागल्याच्या आठवड्यात तिचे दीर आणि जाऊ तिला न्यायला आले. त्याचं करणारं त्यांना कुणीतरी हवं होतं. जाऊ म्हणाली, "टीव्हीतली गेली न? आन् ते तुमचीच गोठ हाये म्हन्तेत. मंग तुमी काहून नाही येत?" मावशीच्या मांडवात वर्षानुवर्षं जेवलेल्या शेजारणी तिथंच बसल्या होत्या. त्याही म्हणाल्या, खरंच, जा आता. ती गेली नाही. त्या वर्षी तिच्या पंगतीला पाच बायका आल्या.

मी तडक चॅनेलमध्ये गेले आणि नायिकेला त्या घरातून बाहेर काढा म्हणाले. ते हसले. आकडे चांगले होते. मी मालिका सोडली, तरी नायिका माझ्याशिवाय पुढं बराच काळ त्या घरात नवऱ्याला औषध पाजत राहिली. बाहेर पडून मी स्वतःची निर्मितीसंस्था काढली. सत्कारात हेही ते माझं धाडस म्हणून सांगतात.

अकोल्याला गेले तेव्हा मावशी रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं जेवायला वाढलं. मी माफी मागायला लागले तर म्हणाली, "खाय आधी." मग म्हणाली, "लय चांगलं लिहिलं होतं तू. मलेच वाटलं, गेली होती का काय मी."

आता दर भाद्रपदात मी भाज्या चिरायला तिच्याकडे जाते. पंगत पुन्हा वाढली आहे, पण मांडव लागत नाही. यंदा पोचले तेव्हा ती ओट्यावर बसून शेजारच्या नव्या सुनेला काहीतरी रंगवून सांगत होती. दोघी पोट धरून हसत होत्या. मी चपला काढून त्यांच्याशेजारी बसले, शेंगांनी भरलेलं सूप पुढं ओढलं आणि विचारलं, काय झालं?

"काही नाही व," मावशी म्हणाली आणि तिनं विळी माझ्याकडे सरकवली.