तात्यांनी परत पाठवलेली माणसं

धर्मातात्यांनी बसवलेली हाडं एकापुढे एक मांडली तर वाशीच्या खाडीवर आणखी एक पूल झाला असता. खोटं वाटत असेल तर मोजून बघा! तात्या सानपाडा गावातले हाडवैद्य आणि आमच्या कबड्डी संघाचे मालिशवाले. पण आम्ही जुने खेळाडू जमलो की किस्से निघतात ते त्यांनी परत पाठवलेल्या माणसांचे.

*

नव्या सोसायटीतले एक बँकवाले साहेब कंबर धरून आले, हातात एक्स-रे. तात्यांनी तो उलटा धरला. साहेबांनी चूक दाखवली.

"मना सुलटा पन वाचता येत नाय. तुमी चालून दाखवा."

मग पायाला मुंग्या येतात का, लघवीला त्रास होतो का, एवढं विचारलं. दोन्हींना नाही. खुर्चीतून अधूनमधून उठत जा, पंधरा दिवसांत उतार पडला नाही तर वाशीला हाडांच्या डॉक्टरांकडे, असं सांगून साहेबांना वाटेला लावलं. साहेब हिरमुसले. त्यांना निदान तेल तरी चोळून हवं होतं!

*

फायनलच्या आदल्या दिवशी आमचा हुकमी चढाईपटू नंदू घोटा धरून बसला. कप्तान म्हणाला, पट्टी बांधा, उद्या खेळेल. तात्यांनी नंदूला चार पावलं टाकायला लावली. त्याला दोन जमली. तात्यांनी रिक्षा मागवली. कप्तानानं फायनलचं काय म्हणून विचारलं.

"तुझा पाय दे त्याला, खेळंल तो."

हाड मोडलेलं निघालं. फायनल हरलो, पण नंदू पुढे तीन हंगाम खेळला.

*

तुर्भ्याची एक बाई लहान पोरीला घेऊन आली. पोर कुठे पडली नव्हती, पण पाय टेकवेना. अंगात ताप, गुडघा सुजलेला. तात्यांनी गुडघ्यावर तळवा ठेवला, तेलाची बाटली बाजूला सारली आणि मायलेकींना घेऊन स्वतःच रिक्षात बसले. वाशीच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी गुडघ्यातला पू काढला. तेव्हापासून तात्यांच्या पेशंटला तिथे नंबर लावावा लागत नसे.

*

आणि एका दुपारी तात्या स्वतःच त्या दवाखान्यात आले. डावा खांदा धरलेला, घामानं निथळत. मी सोबत होतो. डॉक्टरांनी हसत एक्स-रेचा कागद पुढे ओढला.

"फोटो नको. दाबून बघितला, फिरवून बघितला, खांद्याला काय नाय. ह्यो दुखना तुमच्या खात्यातला पन नाय, डॉक्टर."

डॉक्टरांनी नाडी धरली. त्यांचं हसू गेलं. हार्टच्या हॉस्पिटलला फोन झाला, तिथली दोन पोरं स्ट्रेचर घेऊन आली, तात्यांच्या तोंडाला मास्क लागला. दाराशी बाकावर एक बाई कोपरापर्यंत प्लास्टर घालून नंबराची वाट बघत होती. तिच्यासमोर तात्यांनी डॉक्टरांची बाही पकडली आणि मास्क खाली ओढला.

"मना ही पोरं नेतील. तुमी हिचा प्लास्टर कापा आधी. बोटं निळी पडल्यान."